टाचणीचे प्रणयाराधन व मीलन

टाचणी हा ओडोनाटा गणाच्या झायगोप्टेरा उपगणातील सडपातळ, चार पंखांचा, पाण्याच्या आश्रयाने राहणारा कीटक होय. या कीटकाचे मीलन संपूर्ण कीटकसृष्टीत वेगळे मानले जाते. मीलनाच्या वेळी नर व मादी मिळून एक बंद वलय तयार करतात, आणि त्याचा आकार बहुतेकदा बदामासारखा दिसतो. तळ्याकाठी काढलेल्या छायाचित्रांमुळे हे वलय सर्वपरिचित झाले असून ते प्रेमाचे प्रतीक म्हणून पुष्कळदा छापले जाते. प्रत्यक्षात या वलयाचा बराचसा काळ प्रतिस्पर्धी नराचे शुक्राणू मादीच्या शरीरातून काढून टाकण्यात जातो. हा शोध १९७९ साली लागला. त्यानंतर प्राण्यांमधील लैंगिक निवडीच्या अभ्यासात टाचणीला महत्त्वाचे स्थान मिळाले.

== ओळख ==

ओडोनाटा गणात चतुर आणि टाचणी असे दोन मोठे गट येतात. चतुर आकाराने दणकट असतो. तो बसताना पंख आडवे पसरून बसतो व त्याचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले किंवा अगदी जवळ असतात. टाचणीचे उदर काडीसारखे बारीक व लांब असते, डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात आणि बहुतेक जातींत बसताना पंख पाठीवर मिटलेले असतात. टाचणी हे मराठी नाव या बारीक अंगामुळेच पडले आहे. हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने 'टाचणीचा नर' अशी थोडी अवघडलेली रचना करावी लागते. या लेखात सोयीसाठी केवळ नर व मादी असे म्हटले आहे.

जगात ओडोनाटा गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांतील जवळपास निम्म्या टाचण्यांच्या आहेत. भारतात या गणाच्या सुमारे ५०० जाती आढळतात. पश्चिम घाटात त्यांची संख्या २००च्या आसपास असून त्यांतील अनेक जाती अन्यत्र कोठेही सापडत नाहीत.

टाचणीचे बालपण पाण्यात जाते. अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ पाण्यातील लहान जीवांवर जगतो, अनेकदा कात टाकतो आणि शेवटी एखाद्या देठावर चढून पंखधारी प्रौढ बनतो. नवा प्रौढ लगेच प्रजननक्षम नसतो. तो काही दिवस पाण्यापासून दूर झुडपांत शिकार करतो, त्याचे रंग पक्के होतात आणि मग तो पाणवठ्यावर परततो. प्रौढाचे आयुष्य बहुतेक जातींत काही दिवसांचे किंवा काही आठवड्यांचे असते. पुढे वर्णिलेले सर्व वर्तन या अल्प अवधीत घडते.

== नराची शरीररचना ==

टाचणीचे मीलन समजण्यासाठी नराच्या शरीरातील एक विलक्षण गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. नराच्या उदराला दहा खंड असतात. शुक्राणू नवव्या खंडाशी, म्हणजे उदराच्या टोकाजवळ बाहेर पडतात. परंतु मैथुनाचे इंद्रिय तेथे नसून दुसऱ्या व तिसऱ्या खंडांच्या खालच्या बाजूस, म्हणजे वक्षाच्या अगदी जवळ असते. जेथे शुक्राणू तयार होऊन येतात आणि जेथून ते मादीला दिले जातात ती दोन स्थाने अशी उदराच्या दोन टोकांना आहेत. त्यामुळे मीलनापूर्वी नराला आपले उदर पुढे वाकवून नवव्या खंडातील शुक्राणू तिसऱ्या खंडाखालील पिशवीत भरून घ्यावे लागतात. अशी व्यवस्था कीटकांमध्ये केवळ ओडोनाटा गणात आहे. कोळ्यांचा नर शुक्राणू आधी आपल्या मुखाजवळील उपांगांत भरून घेतो, तेवढेच तिच्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण.

उदराचे टोक या कामातून मोकळे असल्याने त्याला दुसरे काम मिळाले आहे, ते म्हणजे मादीला धरून ठेवण्याचे. नराच्या दहाव्या खंडावर वरची एक व खालची एक अशा उपांगांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्या चिमट्याने नर मादीचे अग्रवक्ष, म्हणजे डोक्यामागील पहिला भाग पकडतो. चतुरांमध्ये हीच पकड मादीच्या डोक्यावर बसते. टाचण्यांत नराच्या उपांगांचा आकार आणि त्याच जातीच्या मादीच्या अग्रवक्षावरील व त्यामागील भागावरील उंचवटे एकमेकांशी जुळणारे असतात. दुसऱ्या जातीच्या नराने पकड घेतली तर हा मेळ बसत नाही, आणि स्पर्शावरून मादीला फरक कळतो.

वर्गीकरणकारांनाही या उपांगांचा मोठा उपयोग होतो. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या जाती त्यांच्या आकारावरून ओळखता येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून २०१९ साली वर्णन झालेल्या सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्ससारख्या नव्या जातींच्या वर्णनातही नराच्या पुच्छ-उपांगांचे बारीक चित्रण अपरिहार्य असते.

== पाणवठ्यावरील स्पर्धा ==

बहुतेक जातींत नर आधी पाण्यावर येतात आणि माद्या अंडी घालण्याची वेळ झाल्यावरच येतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी पाण्याकाठी माद्यांपेक्षा नरांची संख्या कितीतरी अधिक असते. या विषमतेला नर दोन प्रकारे सामोरे जातात. काही जातींचे नर काठावर हिंडत राहून दिसेल त्या मादीला गाठण्याचा प्रयत्न करतात. काही जातींचे नर मात्र अंडी घालण्यास योग्य अशी एखादी जागा निवडून तिचे रक्षण करतात. वाहत्या पाण्यातील पाणवनस्पतींचा झुबका, अर्धवट बुडालेले लाकूड किंवा मुळांचे जाळे यांसारख्या जागेचा ताबा ज्याच्याकडे त्याला मादी भेटण्याची शक्यता अधिक असते.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील ओढ्यांवर आढळणारी कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा ही या दृष्टीने सर्वाधिक अभ्यासलेली जात आहे. तिच्या नराचे शरीर धातूसारखे हिरवे व पंख काळे असतात. दोन नर एकाच जागेसाठी भांडू लागले की ते एकमेकांभोवती गिरक्या घेत उडतात आणि ही लढत कधीकधी बराच काळ चालते. तिच्यात प्रत्यक्ष इजा क्वचितच होते. जेम्स मार्डेन व जोनाथन वागे यांनी १९९० साली दाखवून दिले की अशा लांबलेल्या लढतीत सहसा ज्याच्या शरीरात चरबीचा साठा अधिक तो नर जिंकतो. अंगबळ येथे निर्णायक ठरत नाही. ज्याचे इंधन आधी संपते तो माघार घेतो.

मध्य अमेरिकेच्या पर्जन्यवनांत राहणारी मेगालोप्रेपस सेरुलेटस ही टाचणी आकाराने जगातील सर्वांत मोठ्या टाचण्यांपैकी असून तिच्या पंखांचा विस्तार १९ सेंटिमीटरपर्यंत भरतो. ती अंडी घालते ती झाडांच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात. मोठ्या ढोली थोड्याच असतात, म्हणून नर अशा ढोलींचे रक्षण करतात.

== प्रणयाराधन ==

प्रणयाराधन हा शब्द टाचण्यांच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. तळी, डबकी व भातखाचरे यांवर नेहमी दिसणाऱ्या बहुसंख्य जातींत खरे प्रणयाराधन असे काही नसते. नर मादीला पाहतो, झेप घेतो आणि पकड घेण्याचा प्रयत्न करतो, एवढेच. मादीपुढे रंग, उड्डाण किंवा हालचाली यांचे प्रदर्शन करणे हे मुख्यतः वाहत्या पाण्यावरील काही कुलांचे वैशिष्ट्य आहे.

युरोपातील कॅलोप्टेरिक्स प्रजातीच्या जातींत हे प्रदर्शन पाहण्यासारखे असते. ताब्यातील जागेजवळ मादी आली की नर तिच्यासमोर येऊन पंखांची नेहमीपेक्षा जलद फडफड करीत तरंगत राहतो, तिला अंडी घालण्याच्या जागेकडे नेतो आणि काही वेळा स्वतःला पाण्याच्या पृष्ठभागावर झोकून देऊन प्रवाहाबरोबर थोडे अंतर वाहत जातो. या शेवटच्या कृतीचा अर्थ संशोधकांनी असा लावला आहे की त्यातून मादीला त्या जागेच्या प्रवाहाचा वेग कळत असावा. वेगवान पाण्यात प्राणवायू अधिक विरघळलेला असतो व तेथे अंडी चांगली वाढतात. हा अर्थ बरोबर असेल तर नराचे हे प्रदर्शन जितके स्वतःचे तितकेच जागेचेही ठरते. अनेक कॅलोप्टेरिक्स जातींत नराच्या उदराच्या टोकाखालचा भाग फिकट पांढरा, पिवळसर किंवा लाल असतो आणि प्रदर्शनाच्या वेळी नर उदर उचलून तो भाग मादीला दाखवितो.

भारतात याच कुलातील न्यूरोबेसिस चायनेन्सिस ही जात पश्चिम घाटातील जंगली ओढ्यांवर आढळते. महाराष्ट्र व गोवा या राज्यांतील सावलीच्या, खडकाळ ओढ्यांवरही ती दिसते. नर दगडावर पंख मिटून बसलेला असताना गडद व काहीसा निस्तेज भासतो. मात्र पंख उघडताच मागच्या पंखांची वरची बाजू मोरपिसासारखी हिरवी चमकते. पुढचे पंख पारदर्शक असतात, त्यामुळे ती चमक एकदम समोर येते. हा रंग रंगद्रव्याचा नसून पंखातील अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होण्याने निर्माण होतो. नर ही चमक मादीला भुलविण्यासाठी तसेच प्रतिस्पर्ध्याला इशारा देण्यासाठी वापरतो. मादीचे मागचे पंख पिंगट असून तिच्यात ही चमक नसते.

आफ्रिकेतील प्लॅटिसायफा कॅलिगाटा या जातीचा नर प्रदर्शनासाठी पायांचा उपयोग करतो. त्याच्या पायांच्या पोटऱ्या रुंदावलेल्या असतात आणि त्यांची एक बाजू पांढरी व दुसरी लाल असते. मादीसमोर तरंगताना तो पायांची पांढरी बाजू पुढे करून ते थरथरवितो. या कुलाचे नातेवाईक भारतातही आहेत. पश्चिम घाटातील हेलिओसायफा बायसिग्नाटा या जातीच्या नराच्या काळसर पंखांवरील गुलाबी झळाळीचे डाग ओढ्याकाठी सहज लक्ष वेधून घेतात.

== जोडस्थिती आणि चक्रस्थिती ==

नराने मादीचे अग्रवक्ष पकडले की दोघे एकामागे एक अशा रांगेत येतात. नर पुढे व मादी मागे. या अवस्थेस जोडस्थिती म्हणतात आणि या अवस्थेत ते एकत्र उडूही शकतात. बहुतेक टाचण्यांत नर याच वेळी आपले उदर वाकवून शुक्राणूंची पिशवी भरून घेतो. मादी त्याच्या टोकाला लटकलेली असल्याने ती कसरत मोठी मजेदार दिसते. त्यानंतर मादी आपले उदर खालून पुढे वळवून त्याचे टोक नराच्या दुसऱ्या खंडाखालील इंद्रियाला भिडविते. वलय पूर्ण होते. हीच चक्रस्थिती.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची आहे. पकड घेणे सर्वस्वी नराच्या हाती असते व मादीची इच्छा नसतानाही ती घेतली जाऊ शकते. परंतु चक्र पूर्ण करण्यासाठी मादीनेच उदर वळवावे लागते. नराजवळ ते वळवून घेण्याचे कोणतेही साधन नाही. नाखूश मादी उदर सरळ ठेवून लटकत राहते. काही वेळ वाट पाहून नराला तिला सोडून द्यावे लागते. बसलेली मादी पंख उघडून व उदर वाकवून नकार आधीच कळविते, आणि अनेक जातींचे नर हा इशारा ओळखून निघून जातात. नराच्या दांडगाईची वर्णने वाचताना मादीकडे असलेला हा अधिकार बहुधा दुर्लक्षिला जातो.

चक्रस्थितीचा काळ जातीनुसार फार बदलतो. कॅलोप्टेरिक्स जातींत तो दोनचार मिनिटांचा असतो. इश्नुरा प्रजातीच्या काही जातींत मात्र जोडी कित्येक तास तशीच राहते.

== शुक्राणूंची स्पर्धा ==

चार्ल्स डार्विनने लैंगिक निवडीचा सिद्धान्त १८७१ साली विस्ताराने मांडला. त्याच्या विवेचनाचा भर जोडीदार मिळेपर्यंतच्या स्पर्धेवर, म्हणजे नरांच्या लढतींवर व मादीच्या पसंतीवर होता. मीलन झाले की स्पर्धा संपली असे त्यात गृहीत होते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी १९७० साली या गृहीतकातील उणीव दाखविली. अनेक कीटकांच्या माद्या एकापेक्षा अधिक नरांशी मीलन करतात व मिळालेले शुक्राणू शरीरात साठवून ठेवतात. अशा मादीच्या शरीरात वेगवेगळ्या नरांच्या शुक्राणूंमध्ये अंडी फलित करण्यासाठी स्पर्धा होणार आणि त्या स्पर्धेत टिकण्यासाठी नरांमध्ये नाना युक्त्या विकसित होणार, असे त्यांचे प्रतिपादन होते.

टाचणीच्या मादीत हे साठवण्याचे दोन कप्पे असतात. एक मोठा मैथुनकोष आणि दुसरी त्याला जोडलेली, सहसा अरुंद नळीची शुक्रग्राहिका. अंडे बाहेर पडताना या कप्प्यांतून शुक्राणू सोडले जातात आणि तेव्हाच फलन होते. म्हणजे मीलन आणि फलन यांत वेळेचे अंतर असते. या अंतरात दुसरा नर आला तर पहिल्याचे श्रम वाया जाऊ शकतात.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे जोनाथन वागे यांनी कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटाच्या जोड्या मीलनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबवून मादीच्या शरीरातील शुक्राणूंचे प्रमाण मोजले. अपेक्षा अशी की मीलन जसजसे पुढे जाईल तसतसे शुक्राणू वाढतील. आढळले ते उलटे. मीलनाच्या बऱ्याचशा काळात मादीतील शुक्राणू कमी होत गेले व अगदी शेवटी पुन्हा वाढले. नराच्या इंद्रियाची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केल्यावर त्याच्या टोकाशी मागे वळलेल्या काट्यांसारखी रचना दिसली आणि त्या काट्यांत आधीच्या नराचे शुक्राणू अडकलेले आढळले. नर प्रथम पूर्वीचा साठा खरवडून बाहेर काढतो व नंतर आपले शुक्राणू भरतो, हे यावरून स्पष्ट झाले. या जातीत आधीच्या शुक्राणूंपैकी ८८ ते १०० टक्के असे काढले जातात. एकाच इंद्रियाची ही दोन कामे दाखविणारा वागे यांचा निबंध १९७९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पार्कर यांच्या तर्काला मिळालेला तो अत्यंत बोलका प्रत्यक्ष पुरावा होता.

पुढील काळात अनेक जातींवर असेच अभ्यास झाले. बहुतेक टाचण्यांत मीलनाचे टप्पे ओळखता येतात. पहिला आणि सर्वांत लांब टप्पा उदराच्या लयबद्ध हालचालींचा असतो व त्यातच जुने शुक्राणू काढले जातात. शुक्राणू देण्याचा टप्पा त्या मानाने अगदी आखूड असतो. यामुळेच मादीने नंतर घातलेल्या अंड्यांपैकी बहुतेकांचा पिता शेवटी मीलन करणारा नर असतो.

तथापि सर्व जातींत नराचे इंद्रिय शुक्रग्राहिकेच्या अरुंद नळीत शिरू शकत नाही. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील प्रदेशात आढळणारी कॅलोप्टेरिक्स हेमोऱ्हॉयडॅलिस ही अशीच जात. मेक्सिकन संशोधक अलेक्स कॉर्दोबा-आगिलार यांनी १९९९ साली या जातीतील वेगळीच युक्ती उघडकीस आणली. अंडे खाली सरकताना मादीच्या जननमार्गातील संवेदक दाबले जातात व त्या उत्तेजनाने शुक्रग्राहिकेतून शुक्राणू सुटतात. मीलनाच्या वेळी नराचे इंद्रिय नेमके हेच संवेदक दाबते. जणू अंडेच येत आहे अशा समजुतीने मादीचे शरीर साठविलेले शुक्राणू सोडून देते. नर जेथे पोहोचू शकत नाही तेथील साठा तो मादीकडूनच रिकामा करवून घेतो.

या संशोधनाचा अर्थ लावताना मादीला निव्वळ एक पात्र समजण्याची चूक पुष्कळ काळ होत राहिली. शुक्रग्राहिकेची नळी अरुंद असणे, दोन कप्प्यांत शुक्राणू वेगवेगळे साठविता येणे, चक्र पूर्ण करण्याचा वा न करण्याचा निर्णय हाती असणे, या सर्व गोष्टी पितृत्वावर मादीचेही नियंत्रण असल्याचे सुचवितात. मीलनानंतर मादीच्या शरीरात होणाऱ्या अशा निवडीस गुप्त मादी-निवड असे म्हणतात. नराची युक्ती आणि मादीचा प्रतिबंध या दोन्ही गोष्टी पिढ्यानुपिढ्या एकमेकींच्या दबावाखाली बदलत आल्या आहेत.

== मादीचे रंग आणि नरांचा उपद्रव ==

पाण्यावर नरांची गर्दी असल्याने मादीला वारंवार होणाऱ्या पाठलागाचा त्रास होतो. त्यात तिचा शिकारीचा व अंडी घालण्याचा वेळ जातो. इश्नुरा प्रजातीच्या अनेक जातींत एकाच जातीच्या माद्या दोन किंवा अधिक रंगरूपांत आढळतात आणि त्यांतील एक रूप हुबेहूब नरासारखे असते. भारतात तळ्यांवर व भातखाचरांत सर्वत्र दिसणारी इश्नुरा सेनेगालेन्सिस हिच्यातही असे आहे. तिच्या काही माद्या नरासारख्या हिरवट-निळ्या असतात. इतर माद्या कोवळ्या वयात नारिंगी व नंतर मातकट रंगाच्या होतात. त्यामुळे नवख्या निरीक्षकाला एकाच काठावर तीन वेगळ्या जाती दिसल्याचा भास होतो.

नरासारख्या दिसणाऱ्या मादीकडे नराचे लक्ष कमी जाते, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार नर अनुभवावरून शिकतो व ज्या रूपाच्या माद्या त्याला अधिक वेळा भेटल्या त्याच रूपाचा शोध घेतो. म्हणून जे रूप संख्येने कमी असेल त्याला उपद्रव कमी होतो. हे रूप वाढले की उपद्रव त्याच्या वाट्याला येतो व दुसऱ्याला उसंत मिळते. अशा रीतीने दोन्ही रूपे टिकून राहतात. स्वीडनच्या दक्षिण भागात एरिक स्वेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इश्नुरा एलेगन्स या जातीवर अनेक वर्षे केलेल्या निरीक्षणांतून दुसऱ्या स्पष्टीकरणाला बळ मिळाले आहे.

== अंडी घालणे व नराचा पहारा ==

शेवटच्या नराचे शुक्राणू वरचढ ठरतात याचा परिणाम मीलनानंतरच्या वर्तनावरही झाला आहे. मादी अंडी घालेपर्यंत दुसरा नर आला तर तोच शेवटचा ठरेल. म्हणून पहिल्या नराला पहारा द्यावा लागतो.

हा पहारा तीन प्रकारे दिला जातो. कॅलोप्टेरिक्सचा नर मादीला सोडून देतो, परंतु ती अंडी घालीत असताना जवळच बसून येणाऱ्या नरांना हुसकावितो. तळ्यांवरील बहुसंख्य जातींत नर पकड सोडतच नाही. जोडी जोडस्थितीतच पाण्यावर येते व मादी अंडी घालते. इश्नुराच्या ज्या जातींत मीलन तासन्‌तास चालते तेथे ते लांबविणे हाच पहारा असतो. मादी अंडी घालण्याच्या वेळेपर्यंत चक्रातच अडकून राहते आणि नंतर एकटीच अंडी घालते.

जोडस्थितीतील पहाऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे सेरियाग्रिऑन कोरोमंडेलिॲनम ही पिवळ्या उदराची टाचणी. महाराष्ट्रात बागेतील हौदापासून ओढ्यापर्यंत कोठेही ती आढळते. नागपूर येथील संशोधकांनी तिच्या प्रजननवर्तनाचा तपशीलवार अभ्यास करून तो २०१८ साली प्रसिद्ध केला आहे. मादी पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर किंवा देठावर टेकते, तेव्हा नर तिच्या अग्रवक्षावर केवळ पुच्छ-उपांगांच्या आधाराने काठीसारखा ताठ उभा राहतो. पाय कोठेही टेकलेले नसतात. या उंचीवरून त्याला येणारा प्रतिस्पर्धी दिसतो, आणि धोका वाटल्यास तो मादीसह लगेच उडू शकतो. जातिनामातील कोरोमंडल हे भारताच्या पूर्व किनाऱ्याचे नाव आहे.

सर्व टाचण्यांच्या माद्यांना पात्यासारखे धारदार अंडनिक्षेपक असते. त्याने वनस्पतीच्या ऊतीला चीर पाडून मादी एकेक अंडे आत बसविते. चांगली जागा पाण्याखाली असेल तर काही जातींच्या माद्या देठावरून उतरत पूर्ण पाण्याखाली जातात. अंगावरील बारीक केसांत व पंखांच्या घडीत अडकलेल्या हवेच्या चंदेरी थरामुळे त्या तेथे बराच वेळ श्वास घेऊ शकतात. लेस्टेस स्पॉन्सा या जातीत नरही मादीला धरूनच खाली जातो. उत्तर अमेरिकेतील एनॅलाग्मा हेगेनीचा नर मात्र वर थांबतो. मादी वर येताना कधी पाण्याच्या पृष्ठभागात अडकून पडते, तेव्हा नर तिला पकडून वर ओढतो. ओला फिंके यांच्या अभ्यासानुसार अशा मदतीमुळे माद्यांचे बुडण्याचे प्रमाण कमी होते. पितृत्व राखण्यासाठी असलेला पहारा येथे मादीलाही उपकारक ठरतो.

== नराविना प्रजनन ==

इश्नुरा हास्टाटा या अमेरिकन टाचणीचे अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवरील समूह केवळ माद्यांचे आहेत. तेथे अफलित अंड्यांतूनच नव्या माद्या जन्मतात. अमेरिकेत याच जातीत नर व मादी दोन्ही असून त्यांचे मीलन नेहमीप्रमाणे होते. ओडोनाटा गणात अनिषेकजननाने चालणारे निसर्गातील असे समूह याच एका जातीचे ज्ञात आहेत.

== अधिवासाशी संबंध ==

वरील वर्तनातील जवळजवळ प्रत्येक पायरी काठाच्या स्वरूपावर अवलंबून असते. नवख्या प्रौढाला वाढण्यासाठी काठापासून थोडे दूर झुडपे लागतात, नराला बसण्यासाठी व जागा राखण्यासाठी पाण्यावर आलेली काडी लागते, मादीला चीर पाडण्यासाठी जिवंत किंवा कुजणारी वनस्पती लागते. पाणी स्वच्छ असूनही काठ सिमेंटचा बांधून काढला व पाणवनस्पती उपटून टाकल्या तर टाचण्या तेथे उडताना दिसतील, पण अंडी घालू शकणार नाहीत. चतुरांच्या अनेक जाती उडता उडता अंडी थेट पाण्यात सोडतात, म्हणून बांधलेल्या काठावरही त्यांचे काही काळ निभावते. टाचण्यांना ही सवलत नाही. न्यूरोबेसिससारख्या ओढ्यांवरील जातींना याखेरीज वरची झाडी आणि वाहता प्रवाहही आवश्यक असतो. पश्चिम घाटातील ओढा बांध घालून अडविला की अशा जाती त्या टप्प्यातून नाहीशा होतात व त्यांच्या जागी साचलेल्या पाण्यावरील सामान्य जाती येतात.

टाचण्यांचे मीलन पाहण्यासाठी महाराष्ट्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल असतो. सकाळी ऊन तापू लागल्यावर नर काठावर जमतात, आणि दुपारपर्यंत पाणवनस्पतींवर ताठ उभे राहिलेले नर व त्यांच्या खाली अंडी घालणाऱ्या माद्या एकाच पानावर अनेक जोड्यांनी दिसू शकतात.